दीर्घायुष्य : दैव, पुरुषार्थ आणि वाट

आपल्या घरांत लहानाने वाकून नमस्कार केला की वडीलधाऱ्यांच्या मुखातून 'औक्षवंत हो' हा आशीर्वाद आपसूक निघतो. वाढदिवसाला निरांजन ओवाळून औक्षण करावयाचे, तेही आयुष्य मागण्यासाठीच. त्याच घरात कुणाचे सहस्रचंद्रदर्शन साजरे होऊ लागले की मात्र सूर पालटतो. 'पहाटे उठणे कधी चुकविले नाही, जेवण मोजके ठेवले, सुपारीच्या खांडालाही शिवले नाहीत. म्हणून हा दिवस दिसला,' असे कौतुकाने सांगितले जाते. पहिल्या प्रसंगी आयुष्य हे देणे असते, दुसऱ्या प्रसंगी ती कमाई ठरते. या दोन कल्पना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदाने नांदत आल्या आहेत. परंतु दीर्घायुष्य ही कमाई मानली, तर जे अकाली गेले त्यांनी काय गमावले आणि कोणत्या अपराधाने, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न नवा नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो की, माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नसते? आत्रेय दोन्ही टोके नाकारतात. दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वीचे कर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते, असे ते सांगतात आणि दृष्टान्त देतात गाडीच्या आखाचा. चांगल्या लाकडाचा आख यथायोग्य भार वाहत चालला, तर आपल्या वेळेला झिजून संपतो. तोच आख फाजील ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, वंगण न मिळाल्याने किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने मध्येच मोडतो. पहिला कालमृत्यू, दुसरा अकालमृत्यू.

आधुनिक शास्त्राने हा दृष्टान्त खोडून काढलेला नाही, उलट त्यात आकडे भरले आहेत. बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५ साली दाखवून दिले की, प्रौढ वयात मृत्यूचा संभव वयाबरोबर भूमिती श्रेणीने वाढत जातो. साधारणपणे दर आठ वर्षांनी तो दुप्पट होतो. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये असे सिद्ध केले की, प्रयोगशाळेत वाढविलेल्या माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. रक्तवाहिन्या ताठर होणे, स्नायू रोडावणे, जखम उशिरा भरणे ही सारी शरीराची डागडुजी झिजेच्या मागे पडू लागल्याची लक्षणे. ही झीज पथ्याने मंदावते, थांबत नाही. आजवर नोंदलेले सर्वांत दीर्घ आयुष्य फ्रान्समधील जीन काल्मां या बाईंचे, १२२ वर्षांचे. त्या १९९७ साली वारल्या आणि आयुष्याची बहुतेक वर्षे त्या धूम्रपान करीत होत्या. एखाद्या आखाचे लाकूडच असे असते. त्यावरून वाटेचे नियम ठरवू नयेत.

मग पुरुषार्थाला फळ नाही काय? निश्चित आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच धूम्रपानाच्या सवयींचा एक अभ्यास १९५१ साली सुरू झाला. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २००४ मध्ये मांडले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने दहा वर्षांनी घटले होते. तिसाव्या वर्षी सवय सोडणाऱ्यांना ती दहाही वर्षे जवळजवळ परत मिळाली आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही तीन मिळाली. उशिरा आलेल्या शहाणपणालाही फळ असते, हे यातून दिसते.

आपल्या बेळगावशी निगडित असलेले एक उदाहरणही येथे आठवते. योगाचार्य कृष्णम्माचार्य १९३६ साली शिष्यांसह प्रात्यक्षिके दाखवीत हिंडत असताना बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांचे लक्ष त्यांच्या विद्येकडे वेधले गेले. गोखल्यांच्याच पुढाकाराने १९३७ साली एक तरुण शिष्य पुण्यास शिकविण्यासाठी आला. ते बी. के. एस. अय्यंगार. बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेला हा देह २०१४ पर्यंत, म्हणजे ९५ वर्षे टिकला आणि उतारवयातही आसने करीत राहिला. एका उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही, हे काल्मां बाईंइतकेच येथेही खरे. तथापि आचाराचे मोल केवळ वर्षांच्या संख्येत मोजावयाचे नसते, हाती आलेली वर्षे किती समर्थपणे जगता आली यातही ते असते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

येथवर लाकूड आणि हाकणारा यांचा विचार झाला. वाट अद्याप राहिली. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत रोज पहाटे आपल्यापैकी अनेकजण आयुष्य वाढविण्यासाठी फिरावयास जातात. त्या जागेच्या नावातच एक इतिहास आहे. ब्रिटिश अमदानीत तेथे देवीच्या लसीचे उत्पादन होत असे. देवीचा रोग १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. या अवधीत आपण सारे अचानक संयमी झालो, असे नव्हे. पाळण्यातली मुले दगावेनाशी झाली. लस, स्वच्छ पाणी, औषध आणि पोटभर अन्न अधिक घरांत पोहोचले. फिरणाऱ्याच्या पावलांनी जे साधले, त्याहून कितीतरी अधिक त्या आवारातील अनाम कामगारांच्या हातांनी साधले होते.

आणि जेथे वाट दुरुस्त झाली नाही, तेथे? त्यासाठी दूर जावयास नको. निपाणीची पेठ तंबाखूच्या व्यापारावर वाढली. तेथील वखारींत तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे वर्षानुवर्षे स्त्रिया करीत आल्या. नाकातोंडात जाणारी धूळ, खोकला, तुटपुंजी मजुरी याविरुद्ध त्या संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली एक बोलपटही काढला. या बाईला आपण कोणते पथ्य सांगणार? ती पहाटे उठते, दिवसभर राबते, साधी भाकरी खाते. सहस्रचंद्रदर्शनात वाखाणलेले बहुतेक नियम ती न ठरवताच पाळते. तरी तंबाखूची भुकटी तिच्या छातीत उतरते. ती साठीपूर्वी गेली, तर हाकणाऱ्याची चूक म्हणावयाची काय?

चरकाच्या संवादाचा आणखी एक विशेष येथे ध्यानी घेतला पाहिजे. आयुष्य नियत की अनियत हा प्रश्न 'जनपदोद्ध्वंसनीय' नावाच्या अध्यायात आला आहे, म्हणजे मुलूखच्या मुलूख उजाड करणाऱ्या साथींच्या विवेचनात. प्रकृती, आहार, वय सारे भिन्न असूनही माणसे एकाच वेळी का मरतात? वायू, जल, देश आणि काल ही सर्वांची सामाईक असतात आणि ती बिघडतात, म्हणून. आणि या बिघाडाचे मूळ अधर्मात आहे, असे ग्रंथकार सांगतो. दिनचर्येचे इतके सूक्ष्म नियम घालून देणाऱ्या परंपरेने आयुष्याचा प्रश्न सामाईक हवेपाण्याच्या प्रकरणात घ्यावा, हे पुरेसे बोलके आहे.

यावरून पथ्य निरर्थक ठरत नाही. आपला आख जपणे हे आपले कर्तव्यच आहे, कारण मोडल्यावर त्याचा भार घरच्यांच्या खांद्यावर येतो. मात्र ते कर्तव्य आहे, इतरांना मोजण्याचे माप नव्हे. मर्तिकाच्या घरी बसून गेलेल्याच्या सवयींचा हिशेब मांडणे जितके क्रूर, तितकेच ते अज्ञानाचेही आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या प्रसंगी सत्कारमूर्तींच्या दिनचर्येचे कौतुक अवश्य व्हावे. त्याच बैठकीत, त्यांच्या बालपणी दारोदार फिरून देवी काढणाऱ्या देवी-डॉक्टराचीही आठवण निघावी आणि वखारीतल्या बाईच्या नाकावर बांधावयाच्या फडक्यापलीकडे तिच्यासाठी काय करता येईल, हेही बोलले जावे. 'औक्षवंत हो' हे शब्द आपण ज्यांच्या मस्तकावर उच्चारतो, त्यांत तिची लेकरेही असावीत.