ओहोटीतली प्रदक्षिणा

हरिहरेश्वरला देवाचे दर्शन केव्हाही होते. प्रदक्षिणेला मात्र समुद्राची परवानगी लागते. देवळामागच्या डोंगराला वळसा घालणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि ओहोटीत काही तास उघडी पडते. तेवढ्यात चालून यायचे. आपल्याला सवड आहे म्हणून ती वाट खुली होत नाही. म्हणून निघण्याआधी घड्याळ, सुट्टी, परतीची एसटी हे सगळे थोडे बाजूला ठेवा. आज वेळ ठरवणारा दुसरा कोणी आहे.

वाट आधी थोडी वर चढते आणि मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात. इथे सगळेच घाई करतात, कारण समोर समुद्राचा एक उभा तुकडा दिसत असतो. तुम्ही थांबा. एक हात कातळावर ठेवा. सह्याद्रीपासून या किनाऱ्यापर्यंतचा हा काळा कातळ एकेकाळी वाहता लाव्हा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत थंड झाला. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे कुठे कुठे पांढऱ्या खनिजांनी भरल्या. एवढ्या जुन्या वस्तूला हात लावल्यावर मनात काही मोठे यावे अशी अपेक्षा ठेवू नका. कातळ गार आहे की उन्हाने तापला आहे, ओला आहे की कोरडा, एवढेच पाहा. श्वास आपोआप संथ होईल. मग उतरा.

खाली पाय सपाटीवर पडतो. उभ्या कड्याच्या पायथ्याशी अशी सपाट फरशी कशी, हा प्रश्न पडायला हवा. लाटांचा मारा कड्याच्या पायाशीच बसतो. पाया पोखरला जातो, वरचा आधार सुटलेला भाग कोसळतो, पडलेले दगड लाटा फोडून घेऊन जातात आणि कडा थोडा मागे सरतो. हे अगणित वेळा झाले, तेव्हा ही फरशी उरली. म्हणजे आज तुम्ही उघड्यावर, वाऱ्यात उभे आहात, तिथे पूर्वी डोंगराचे पोट होते. एकदा मान वर करून कड्याकडे पाहा, मग पायाखाली. मधली सगळी जागा डोंगराने सोडून दिली आहे.

आता डावी-उजवीकडे न पाहता एकाच भिंतीजवळ जा. कातळावर लहान-मोठी भोके दिसतील, एकमेकांना चिकटून, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. हरिहरेश्वरची ही जाळी पाहायला भूगोलाचे विद्यार्थी दुरून येतात. पाहणाऱ्याला वाटते, लाटांनी ठोकून ठोकून हे केले. खरे कारण वेगळे आहे. लाटेचे तुषार कातळाच्या बारीक छिद्रांत शिरतात. ऊन पडते, पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्या मिठाचे स्फटिक वाढताना आतून दाब देतात आणि खडकाचा एकेक कण सुटतो. भोक एकदा पडले की त्यात ओल आणि मीठ जास्त टिकते, म्हणून ते आणखी खोल जाते.

हा खडक लाटेखाली असतो तेव्हा नव्हे, वाळतो तेव्हा पोखरला जातो. इथे मी नेहमी रेंगाळतो. संकट अंगावर असताना माणूस तग धरतो. घर सांभाळतो, कामे उरकतो, चार लोकांशी नीट बोलतो. ते ओसरल्यावर, सगळे पूर्ववत झाले असे इतरांना वाटत असताना, मागे राहिलेले आतल्या आत दाणेदार होऊ लागते. तुमच्या आयुष्यातही असे काही वाळत असेल. त्याचे नाव आज मनाशी घ्या. त्यावर उपाय शोधायची ही जागा नाही. ते आहे, एवढे मान्य केले तरी पुरे. आणि हेही पाहा की भोकांमधल्या पातळ भिंती टिकून आहेत आणि कडा अजून उभा आहे.

पुढे फरशीत गोल खड्डे लागतात, नदीच्या पात्रात असतात तसे रांजणखळगे. एखादा गोटा खळग्यात अडकतो, लाटेसरशी गोल फिरत राहतो, खळगा वाढवतो आणि स्वतःही झिजतो. ओहोटीत खळग्यात पाणी साठलेले असते. त्यावर आपली सावली पडू न देता वाकून पाहा. चिकटलेले शंख, लपणारी कुर्ली, शेवाळाची हलती टोके दिसतील. कडेच्या खडकावर कालवे घट्ट बसलेली असतात. किनाऱ्यावरच्या गावांतून बायका ओहोटीची वेळ साधून ती फोडायला खडकांवर उतरतात. त्या चालतात तसे चाला. पाऊल पूर्ण टेकवून, मगच पुढचे. हिरवे दिसेल तिथे पाय नको.

कपारी आणि गुहांच्या तोंडाशी आलात की डोळे मिटा आणि नुसते ऐका. कातळातल्या फटीत लाट घुसते तेव्हा आतली हवा कोंडते, दाबली जाते. लाट मागे फिरली की तो दाब एकदम सुटतो. गुहा अशा दाबून आणि सोडून रुंदावत जातात. तो घुमणारा, जमिनीतून येणारा आवाज म्हणजे गुहा मोठी होत असल्याचाच आवाज आहे. गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ ज्यांनी भरतीच्या वेळी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. लांबट, अरुंद भेगेतून आत आलेली लाट शेवटी कोंडून सरळ वर उसळते. ती दुरूनच पाहायची. इथेही गुहेत शिरायचा मोह आवरा. तोंडाशी उभे राहून जे ऐकू येते ते पुष्कळ आहे.

दक्षिणेला सावित्रीची खाडी. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी महाडवरून येऊन इथे समुद्राला मिळते. पलीकडे बाणकोट, आणि वेळासचा किनारा, जिथे कासवे अंडी घालायला येतात. पाणी कुठून कुठे आले याचा विचार करायला दोन मिनिटे बसा, पण पाठ समुद्राकडे करून बसू नका.

कारण पाणी परत निघालेले असते. भरतीचा पहिला तास आळशी वाटतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ती सर्वांत वेगाने चढते. मघाशी कोरडा असलेला खडक ओला दिसला की समजा, आपली वेळ संपली. या वाटेवरून माणसे वाहून गेली आहेत, आणि अजून एक फोटो काढू म्हणून थांबण्याइतके इथले काहीही मोलाचे नाही. पावसाळ्यात तर इकडे उतरूच नये.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला जाणार असाल तर सकाळी दहाला उतरा आणि बाराला पाणी फिरण्याआधी वर या. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे हटते, पण येतेही तितक्याच जोरात. हिशेब केलात तरी उतरण्यापूर्वी देवळाजवळ गावातल्या कोणालाही आजची वेळ विचारा, आणि ते सांगतील ती पाळा.