परवडणारी बंदूक

माझा भाचा विस्कॉन्सिनमध्ये राहतो. गेल्या वर्षी त्याने मला लिहिले: "आत्या, हरणाच्या शिकारीसाठी परवडणारी रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण घ्यायची आहे. एकूण नऊशे डॉलर आहेत. रायफलवर किती घालू, दुर्बिणीवर किती?" आणि खाली, "आजीला सांगू नकोस."

तंजावरच्या देशस्थ घरातली, जन्मात बंदूक हातात न धरलेली, तमिळ आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करून पोट भरणारी बाई मी. मला हा भाव का विचारावा? उत्तर त्या शेवटच्या ओळीत होते. प्रश्न पापपुण्याचा होता; त्याने तो हिशेबाच्या कपड्यांत पाठवला होता. मारू नकोस, असे एका ओळीत कळवता आले असते. पण ते त्याला ठाऊकच होते. म्हणून मी हिशेबच गंभीरपणे घ्यायचा ठरवला आणि दोन आठवडे बंदुकांबद्दल वाचले.

त्या वाचनातून कळले ते असे. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण आठ इंच व्यासाची जागा असते. गोळी तिथे लागली तर जनावर थोड्या वेळात, बहुधा शंभरेक पावलांच्या आत पडते. पोटात लागली तर ते तसेच चालत जाते आणि मरायला कित्येक तास घेते. हल्लीची स्वस्तातली बोल्ट रायफलसुद्धा शंभर यार्डांवर इंच-दीड इंचाच्या वर्तुळात गोळ्या टाकते. म्हणजे आठ इंचांसाठी ती पुरून उरते. तिचा दस्ता प्लास्टिकचा असेल, बोल्ट खरखरेल, दिसायला ती दळभद्री असेल. हरणाला त्याने काही फरक पडत नाही. स्वस्त दुर्बिणीची गोष्ट निराळी. ती एकदा आपटली, किंवा प्रत्येक बाराच्या धक्क्याने थोडी थोडी हलली, की तिचा नेम सरकतो आणि सरकल्याचे कळत नाही. फुली हरणाच्या खांद्यामागे दिसते, गोळी पोटात जाते. शिवाय हरणे बाहेर पडतात ती झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला; हलक्या काचेतून त्या वेळी खोड आणि पाठ एकच दिसते.

तेव्हा भाच्याला लिहिले: रायफल स्वस्त घे, काच चांगली घे. तीनपासून नऊपट मोठे दाखवणारी, 40 मिलिमीटर भिंगाची, साधी. उरतील ते पैसे काडतुसांवर घाल आणि मोसमाआधी कागदावर नेम धरून ती संपव. जितक्या अंतरावर तुझ्या पाचही गोळ्या जेवणाच्या ताटात बसतील, त्याच्यापुढे बंदूक उचलायची नाही. आणि जखमी झालेले जनावर रात्र झाली तरी रक्ताच्या मागावर जाऊन शोधायचे. तेवढी तयारी नसेल तर नऊशे डॉलर बँकेत राहू देत.

हे लिहिताना "परवडणे" हा शब्द माझ्यापुढे अडून बसला. मराठीत आपण तो सहसा कर्त्याला चतुर्थी लावून वापरतो: मला परवडते, त्याला परवडत नाही. खर्च कुणाच्या अंगावर पडतो हे त्या चतुर्थीतच बसवलेले असते. दुर्बिणीत दोनशे डॉलर वाचले, तर ते भाच्याला परवडले. पण पोटात गोळी घेऊन ओढ्याकडे निघालेल्या हरणाचे तास कुणाच्या खात्यावर मांडायचे?

दुसरा अडलेला शब्द खुद्द हरीण. काळवीट, चितळ, चिंकारा, सगळ्यांना आपण हरीण म्हणतो. दर वर्षी गळून नवी येणारी शिंगे आणि जन्मभराची शिंगे, दोन्हींना शिंगेच म्हणतो. संस्कृतात मृग म्हणजे हरीण आणि कोणतेही रानटी जनावरही; मृगया त्याच धातूची, शोधणे या अर्थाच्या. मराठीने त्यातले हरीण ठेवले, इथल्या तमिळने जनावर ठेवले: मिरुगम म्हणजे श्वापद. इंग्रजीतही तेच घडले आहे. डिअर या शब्दाचा जुना अर्थ नुसता प्राणी असा होता. जर्मनमधला त्याचा भाऊबंद टिअर अजून त्याच अर्थाने नांदतो. इतक्या भाषांत प्राणी म्हटले की आधी आठवला तो ज्याला मारून खायचे तो, हे मला वर्गात कुणी शिकवले नव्हते.

महाभारतात हे प्रकरण माझ्या भाच्याच्या फार आधी गेले आहे. आदिपर्वात पांडू मैथुनात असलेल्या हरणाला पाच बाण मारतो. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. पांडू वकिली बाण्याने सांगतो की मृगया हा राजांचा धर्मच आहे, अगस्त्यांनीही हरणे मारली. हरणाचे उत्तर मला दर वेळी चकित करते. हरणे मारतोस याबद्दल मी तुला दोष देत नाही, असे ते म्हणते. दोष आहे तो थांबला नाहीस याबद्दल. मरणाऱ्याने मारणे मान्य करून वेळ आणि रीत यांवर वाद घालावा, हे अहिंसेच्या पुस्तकी व्याख्येत बसत नाही. पण विस्कॉन्सिनच्या शिकार नियमावलीत अगदी चपखल बसते: मोसम, वेळ, परवाना.

तिथे शिकारीला आणखी एक आधार आहे. लांडगे माणसाने संपवले, हरणे वाढली, कोवळी झाडे टिकेनात, रस्त्यावर गाड्यांना हरणे आदळू लागली. त्याच विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड तरुणपणी नैऋत्येकडच्या डोंगरांत लांडग्यांवर गोळ्या झाडत. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त, असा साधा हिशेब होता. पुढे त्यांनीच लिहिले की लांडगे नाहीसे झालेल्या डोंगराला हरणांची धास्ती वाटत असावी. तिथे रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर आहे आणि 1937 च्या कायद्यानुसार तो वन्यजीवांच्या संगोपनाला जातो. भाच्याच्या नऊशे डॉलरांतही तो आहे. मला हा युक्तिवाद पटतो, पण थोडा जास्तच सोयीचा वाटतो. आधी लांडगा मारायचा, मग त्याच्या जागी स्वतःची नेमणूक करून घ्यायची.

इथे असे काही नाही, असे वाटेल. तंजावरच्या राजवाड्यातल्या आयुधशाळेचा मनोरा पाहायला लोक येतात. आत आयुधे नाहीत. 1855 मध्ये शेवटचे शिवाजीराजे वारले, संस्थान खालसा झाले. निवडक हत्यारे मद्रासच्या संग्रहालयात गेली, बाकीची बरीचशी मोडीच्या भावाने. पूर्वी तंजावर जिल्ह्यात असलेल्या कोडिक्करैला काळविटांसाठी 1967 मध्ये अभयारण्य झाले. 1972 च्या कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. परवान्यावर मिळणारी आपली पॉइंट 315 बोअरची रायफलसुद्धा इंग्रजांच्या भीतीतून जन्मलेली: लष्कराचे काडतूस रयतेच्या हाती पडू नये म्हणून वेगळे माप. आज ती घ्यायची तर परवान्यापायी किती खेटे, आणि किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर.

मग त्याला परवडते काय? तार. विदर्भात रोही आणि रानडुकरे एका रात्रीत तूर-हरभऱ्याचे वावर झोपवतात. त्यांना रीतसर परवानगी काढून मारण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, पण परवानगी येईपर्यंत पीक थांबत नाही. म्हणून कुणीतरी बांधावरून उघडी तार ओढतो आणि विजेच्या खांबावर आकडा टाकतो. खर्च जवळजवळ शून्य. त्या तारेला डुक्कर लागते, हरीण लागते, वाघ लागतो. कधी शेजारच्या वावरात पाणी द्यायला निघालेला माणूस लागतो. आमच्या तमिळनाडूत 2023 च्या मार्चमध्ये धर्मपुरी जिल्ह्यात अशाच बेकायदा तारेने तीन हत्ती मेले. दुसरे स्वस्त हत्यार म्हणजे अवुट्टुक्काय: फळात किंवा खाण्याच्या गोळ्यात लपवलेली स्फोटक दारू. डुकरासाठी ठेवतात. हत्तीने चावली तर जबडा फुटतो आणि तो खाऊ न शकल्याने दिवसेंदिवस झुरून मरतो.

या तारेपुढे भाच्याची दुर्बीण ठेवून पाहिली तेव्हा माझाच एक समज ढळला. दुरून मारणे हे जवळून मारण्यापेक्षा हीन, असे मी धरून चालले होते. पण दुर्बीण दूरचे जवळ आणते. चाप ओढण्याआधी त्याला त्या जनावराचा कान हललेला दिसतो, मागे पाडस आहे की नाही ते दिसते, आणि न ओढण्याची मुभा शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या बोटात असते. तार लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. त्याला दोष देताना माझी जीभ मात्र अडखळते. ज्याचे वर्षाचे पीक बांधावर आहे त्याला पाहण्याची चैन परवडत नाही, आणि त्याची तूरडाळ मी रोज सांबारात घालते. तिरुक्कुरळचा 26 वा अध्याय मांस वर्ज्य करण्यावर आहे. त्यात वळ्ळुवरांनी विकत घेणाऱ्यालाच धरले आहे, खाणारे नसते तर विकणारेही नसते असे म्हणून. इथे शाकाहारी घरांत तो अध्याय कौतुकाने शिकवतात. डाळीच्या हिशेबात मात्र तो कुणी लावत नाही.

भाच्याने चांगली काच घेतली. पहिल्या मोसमात नऊ दिवसांत त्याने एकदाही बार काढला नाही. दोनदा हरीण दिसले, दोन्ही वेळा झाडी आड होती. आजीला अजून सांगितलेले नाही.

वनपर्वात एक छोटासा भाग आहे, तो त्याला मी अलीकडेच पाठवला. पांडव द्वैतवनात असताना हरणे रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात येतात, रडत. तुझ्या भावांनी आम्हाला मारून मारून बियाण्यापुरते ठेवले आहे, म्हणतात. आम्ही पुन्हा वाढावे म्हणून दुसरीकडे राहायला जा. शिकार सोडा असे ती म्हणत नाहीत. युधिष्ठिर सकाळी भावांना सांगतो की वनवास अजून एक वर्ष आठ महिने उरला आहे, आणि मुक्काम काम्यकवनात हलवतो. तिथे हरणे पुष्कळ आहेत, असेही तो त्याच वेळी सांगतो.