पाडव्याची पदयात्रा

चैत्र शुद्ध प्रतिपदेस महाराष्ट्रीय गृहस्थ दारी गुढी उभारतो, कडुलिंब भक्षण करतो व पंचांगश्रवण करतो. काशीत त्याच दिवशी वासंतिक नवरात्रास आरंभ होतो, आणि भाविक अलईपूर भागी वरणेच्या काठी शैलपुत्रीच्या दर्शनास जातात. द्वितीयेस ब्रह्मचारिणीचे दर्शन. तिचे स्थान दुर्गाघाटावर आहे. या घाटावर महाराष्ट्रीयांची वस्ती जुनी. १७४० च्या सुमारास नारायण दीक्षित पाटणकर यांनी येथे जागा घेऊन घाट बांधविला.

येथे एक शंका उद्भवते. दुर्गाघाटावरील गृहस्थाच्या दाराशीच देवी नांदत असता वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याने कोसभर पायपीट का करावी? ईश्वर सर्वव्यापी आहे. मग चालून अधिक काय मिळते?

चालल्याने ईश्वर जवळ येत नाही, हे खरेच. परंतु चालणाराची दृष्टी उघडते. घरात पाणी नळाने येते व मोरीने जाते. पुढे त्याचे काय होते, ते गृहस्थास दिसत नाही. शैलपुत्री ही पर्वताची कन्या, सृष्टीचेच रूप. तिच्या दाराशी जाणाऱ्यास वरणेचे दर्शन घडते. वरणा व असी यांवरून वाराणसी हे नाव पडले, असे परंपरा सांगते. तीच वरणा आज नगराच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. नाकास पदर लावून देवीपुढे नारळ फोडणे सोपे आहे; पण ती पूजा पुरी झाली काय?

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत स्वतःस जळातील रस म्हणवितात. तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना काही न अर्पिता भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. मग सृष्टीकडून निर्मळ जळ घेऊन नदीस मळ परत करणारा कोण ठरतो, हे ज्याने त्याने ठरवावे.

कोणी म्हणेल, नदीची शुद्धी हे शासनाचे व नगरसंस्थेचे काम. एका घराने काय होणार? शासनाचे कर्तव्य शासनाने करावे, व नागरिकांनी ते नेटाने करवून घ्यावे. तथापि दुसऱ्याचे कर्तव्य राहिले म्हणून आपले सुटत नाही. निर्माल्य व कचरा प्रवाहात न टाकणे, पाणी बेताने वापरणे, एवढे तर प्रत्येक घरास साधण्याजोगे आहे.

या दृष्टीने दोन दिवसांचा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रतिपदेस बाहेर जाऊन पाहावे. द्वितीयेस परतून, तपाची मूर्ती जी ब्रह्मचारिणी, तिच्यापुढे आपल्या घराचा नेम धरावा. काशीस जाणे सर्वांस घडत नाही. परंतु आपल्या गावच्या ओढ्यापर्यंत पाडव्यास चालत जाणे कोणास अवघड आहे?