मताची उचल घ्यावी काय?

काही दिवसांपूर्वी नेकनूर येथे उपासना आटोपल्यावर मंडळीतील एका गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नाही. ते म्हणाले, "पाळकसाहेब, निवडणुकीत वाटलेले पैसे घ्यावेत आणि मत मात्र आपल्या मनास येईल त्यासच द्यावे, ह्यात पाप ते कोणते? चोराचे धन गरिबाच्या घरी आले, आणि मतही विकले गेले नाही." जमलेले लोक हसले, आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना ते हसणे आम्हांस बोचू लागले. प्रश्न थट्टेचा नव्हता. विचारणारे गृहस्थ प्रामाणिक आहेत, ऊसतोडीस जातात, आणि घरात पीठ नसताना कोणी पाचशे रुपये पुढे केले तर काय करावे हे त्यांस पोट भरलेल्या माणसाने शिकवू नये.

शास्ते ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. ह्या अध्यायावर आपल्या मंडळ्यांत उपदेश फारसा होत नाही. गिदोनाने लोकांनी देऊ केलेले राज्य नाकारले होते. तो मेल्यावर त्याचा पुत्र अबीमलेख शखेमास आपल्या आईच्या भावांकडे गेला व त्यांच्याकरवी लोकांची मने त्याने वळविली. मग बआलबरीथाच्या देवळातून त्यास सत्तर रुपे मिळाले. त्या पैशांतून त्याने रिकामटेकडी व दांडगी माणसे पदरी ठेवली आणि त्यांच्या बळावर आपल्या सत्तर भावांचा एकाच धोंड्यावर वध केला. धाकटा योथाम तेवढा लपून राहिल्यामुळे वाचला. प्रथम पैसा, पैशातून दांडगाई, दांडगाईतून भय आणि भयातून राज्य, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. शखेमाच्या लोकांवर कोणी परक्याने स्वारी केली नव्हती. त्यांनी स्वतः एला झाडापाशी जमून अबीमलेखास राजा केले.

योथामाने गरिज्जीम डोंगरावर उभे राहून जो दृष्टांत सांगितला तो प्रसिद्ध आहे. झाडे राजा शोधावयास निघाली. जैतून म्हणाला, माझे तेल सोडून मी कशाला येऊ? अंजिराने आपल्या गोडीचे व द्राक्षवेलीने आपल्या रसाचे कारण सांगितले. शेवटी काटेरी झुडपास विचारले, आणि ते तत्काळ तयार झाले. या, माझ्या सावलीत बसा, म्हणाले, नाहीतर माझ्यातून अग्नी निघेल. आमच्या बालाघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस हे झुडूप निराळे दाखवावयास नको. ओढ्याकाठची वेडी बाभूळ पाहावी. ती कोणी लावीत नाही. जेथे दुसरे काही लावले जात नाही तेथे ती आपोआप येते, आणि तिच्या सावलीत शेळीसुद्धा फार वेळ बसत नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. उचल म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातील लेकरांसही ठाऊक आहे. दसऱ्यादिवाळीच्या आधी मुकादम पैसे देतो, आणि नवराबायकोचा एक कोयता त्या पैशाला बांधला जातो. मग कारखाना सांगेल त्या फडात, सांगेल त्या रात्री गाडी भरावयाची. आजारी पडलो असे म्हणता येत नाही, कारण पैसे आधीच घेतलेले असतात, आणि हंगामात ते फिटले नाहीत तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसतात. मतदानाच्या आदल्या रात्री मिळणारी नोटही अशीच उचल आहे. देणाऱ्यास तुमचे एक मत मिळाले की नाही ह्याची तितकी फिकीर नसते. तो दुसरीच वस्तू विकत घेत असतो, आणि ती वस्तू म्हणजे पुढील पाच वर्षांतील तुमचा प्रश्न. वस्तीत नळ का नाही, असे विचारावयास तुम्ही गेलात की तो नुसता तुमच्याकडे पाहतो. त्याने काही बोलावयाची गरजच उरत नाही. तुम्हीच खाली पाहता. तेव्हा पैसे घेऊन मत दुसऱ्यास दिले म्हणजे मत विकले गेले नाही, हे खरे असेल, परंतु तोंड विकले गेले. शिवाय घेताना 'हो' म्हटले ते खोटे बोलणे झाले, ही गोष्ट निराळीच. कायद्यानेही देणारा जसा अपराधी आहे तसा घेणाराही आहे.

भयाविषयी लिहिणे ह्याहून कठीण आहे, कारण आम्ही स्वतः भितो. नेकनूरहून फार दूर नसलेल्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण खून झाला. पवनचक्कीच्या एका कंपनीकडून खंडणी उकळण्याच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु त्या दिवसानंतर कित्येक गावांत चावडीवरची बोलणी खालच्या आवाजात होऊ लागली, हे आम्ही आपल्या कानांनी ऐकले आहे. एक गोष्ट येथे न्यायाने सांगितली पाहिजे की, त्या प्रकरणात कंपनी स्वतःच नाडली जात होती. श्रीमंत कंपनी म्हणजे प्रत्येक वेळी जुलमी, असा हिशेब धरू नये. ज्या मुलखात कायदा दुबळा असतो तेथे पैसेवाला कधी शिकारी असतो आणि कधी सावज. मधला सरपंच मात्र दोन्ही वेळा उघड्यावर असतो.

भयाचे दुसरे कारण कमी बोलले जाते. मत गुप्त असते असे आपण मुलांस शिकवितो, आणि एका माणसाचे मत गुप्त असतेही. पण वस्तीचे मत गुप्त राहत नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. आता प्रत्येक केंद्राच्या यंत्राचा आकडा वेगळा निघतो, आणि निकालाच्या संध्याकाळी पुढाऱ्यास कळते की अमक्या खोलीत, म्हणजे अमक्या वस्तीत, आपणांस किती मते पडली. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे साधन वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली आणि विधी आयोगाने २०१५ साली तिला दुजोरा दिला. तरी ती अमलात आलेली नाही. म्हणून आमच्या मंडळीतील एखादी बाई "त्यांना कळतं हो" असे म्हणते तेव्हा तिला अडाणी म्हणू नये. तिचे म्हणणे अर्धे खरे आहे.

नेकनूरचा गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बैलाचा सौदा जुने दलाल कसा करीत ते वयस्कर वाचकांनी पाहिले असेल. रुमालाखाली हातात हात घ्यावयाचा आणि बोटे दाबून भाव सांगावयाचा. घेणाऱ्यास कळते, देणाऱ्यास कळते, भोवती उभ्या असलेल्या शंभर माणसांस मात्र काही कळत नाही. राजकीय पक्षांस पैसा देण्याची अशीच एक रीत २०१८ साली आपल्या देशात सुरू झाली. तिला निवडणूक रोखे म्हणत. कंपनीने स्टेट बँकेतून रोखा विकत घ्यावा, पक्षास द्यावा, आणि कोणी कोणास दिले हे जनतेस कळू नये. पूर्वी कंपनीस आपल्या नफ्याच्या ठराविक हिश्शापर्यंतच देणगी देता येत असे. २०१७ मध्ये तीही मर्यादा काढली गेली. सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली, आणि पुढच्या महिन्यात याद्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा लॉटरीचा धंदा करणाऱ्या एकाच कंपनीने तेराशे कोटींहून अधिक रुपयांचे रोखे घेतल्याचे आढळले. रुमाल उचलला गेला तो असा. पण बैल तोवर दावणीस गेला होता.

हा प्रश्न कालचा नव्हे. १९५७ साली टाटा लोखंड कंपनीने राजकीय पक्षांस देणगी देण्याचा अधिकार आपल्या नियमांत घालून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली आणि एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायाधीश छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली खरी, परंतु कंपन्यांचा पैसा निवडणुकीत शिरू लागला तर कोवळ्या लोकशाहीचा गळा आवळला जाईल, अशा आशयाचा इशारा देऊन संसदेने लक्ष घालावे असे सुचविले. १९६९ साली अशा देणग्यांस बंदी झाली आणि १९८५ साली ती उठली. खेड्यात बसून आपण म्हणू की हे मुंबईदिल्लीचे व्यवहार, आपणांस काय त्याचे? पण ज्याच्या उसाची तोड कारखान्याच्या मर्जीवर आहे, आणि कारखान्याचा अध्यक्षच आमदारकीस उभा आहे, त्या शेतकऱ्यास हे सारे पुस्तक न वाचता कळते.

उदासीनतेविषयी मात्र आम्हांस आमच्या लोकांची बाजू घ्यावीशी वाटते. २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकीत बीड मतदारसंघात सुमारे ७१ टक्के मतदान झाले. दक्षिण मुंबईत, जेथे मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, ते सुमारे ५० टक्क्यांवर थांबले. बीडचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला. सप्टेंबर १९४८ पर्यंत ह्या मुलखावर निजामाचे राज्य होते आणि येथील कुणब्यास वा बलुतेदारास राजा निवडण्याविषयी कोणी विचारले नव्हते. त्याच लोकांनी १९६७ साली सातारा भागातील क्रांतिसिंह नाना पाटील यांस लोकसभेवर पाठविले. त्यांचा येथे ना कारखाना होता ना बँक. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, ऐन उसाच्या हंगामाच्या तोंडावर. फडावर गेलेल्या माणसास शेकडो कोस दूर गावी येऊन मत द्यावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते. ज्यास कोणी गाडी पाठवितो तो येतो, आणि गाडी पाठविणारा ती कोणासाठी पाठवितो हे सांगावयास नको.

आमची उदासीनता मतदानाच्या दिवशी दिसत नाही. ती दुसऱ्या दिवशी सुरू होते. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्यात असा कायदा आहे. मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० माणसे, ह्यांतील जी संख्या कमी ती जमली की सभा भरते. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसल्याने पाचदहा माणसांत ठराव मंजूर होतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल त्या सकाळी कोठे असतात? त्यांत आमची मंडळीही असते, आणि मंडळीचा पाळकही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. मागील एका निवडणुकीत काही माणसे आमच्याकडे आली. प्रार्थनामंदिराचे पत्रे गळतात हे त्यांस कळले होते. नवे पत्रे आणून देतो, म्हणाले, आपल्या लोकांस तेवढे सांगा. आम्ही 'नाही' म्हटले नाही. "पंचांस विचारून सांगतो," असे म्हटले, आणि चहा दिला. हा शहाणपणा आहे अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. तो भित्रेपणा होता. शेगडीपाशी शेकत बसलेल्या पेत्राने एका दासीपुढे जे केले त्याहून ते फार निराळे नव्हते. पंचांची सभा भरली. दोघे म्हणाले, घ्यावेत. पावसाळा जवळ आहे, आणि पैसा शेवटी जनतेचाच. त्या वेळी मंडळीतील एक म्हातारी विधवा, जी पंच नाही व केवळ दिवा घेऊन आली होती, ती दारातून म्हणाली, "मग त्या पत्र्याखाली तुम्ही आम्हाला काय सांगणार?" कोणी काही बोलले नाही. पत्रे आले नाहीत. भांडी अजून ठेवावी लागतात.

योथाम शूर नव्हता. बोलून झाल्यावर तो भावाच्या भीतीने बएर येथे पळून गेला आणि तेथे राहिला, असे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे. त्याच्या भीतीबद्दल शास्त्र त्यास दोष देत नाही. परंतु तो आधी बोलला आणि मग पळाला. आम्ही बहुधा आधी पळतो.

त्या गृहस्थांस आम्ही हे सारे त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "मग पीठ नसेल त्या दिवशी?" आम्ही म्हटले, त्या दिवशी मंडळीच्या पेटीकडे या, तिच्यात पाचशे रुपये नसतील तर पंचांनी उभे करावेत. हे बोलून आम्ही स्वतःवर मोठा बोजा घेतला आहे, कारण पेटी बहुधा रिकामीच असते. मागील ग्रामसभेस आमच्या वस्तीतून अकरा जण गेलो होतो, त्यांत चार बायका. गणपूर्ती झाली नाही. तहकूब सभेची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली आहे, आणि नळाचा अर्ज त्या गृहस्थांनी आपल्या हाताने लिहून ठेवला आहे.