देवाच्या दारातली थार

डिसेंबर २०२१मध्ये केरळातल्या गुरुवायूरच्या श्रीकृष्ण मंदिरात एक लाल महिंद्रा थार अर्पण झाली. अर्पण करणारी ती गाडी बनवणारी कंपनीच होती. देवाला लोणी वाहतात, केळी वाहतात, गुरुवायूरला तर हत्तीही वाहतात. पण खडकावर चढणारी आणि चिखलातून निघणारी जीप घेऊन देवाने करायचे काय? देवस्थानाने त्याच महिन्यात तिचा लिलाव पुकारला. बोली लावायला एकच जण पुढे आला आणि १५ लाख १० हजारांवर बोली थांबली. त्यावरून वाद उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जून २०२२मध्ये फेरलिलाव झाला. या खेपेस तीच गाडी ४३ लाखांना गेली.

मधल्या सहा महिन्यांत गाडीचे इंजिन बदलले नव्हते, रंगही तोच होता. शोरूममध्ये जाऊन घेतली असती तर तशीच गाडी निम्म्याहून कमी पैशांत घरी आली असती. मग वरची रक्कम कशाची? श्रद्धावान माणूस म्हणेल, प्रसादाची. आणि ते उत्तर खोटे नाही.

गंमत अशी की, देवळाशी काहीही संबंध नसलेली थार घेणाराही पत्र्याच्या आणि यंत्राच्या पलीकडचे काहीतरी विकत घेत असतो. त्याच्या वापराचे गणित मांडायला बसले तर ते सहसा जुळत नाही. घर ते कचेरी, कचेरी ते घर, रविवारी मॉल, दिवाळीत गाव. एवढ्यासाठी साधी हॅचबॅक पुरते, हे त्यालाही ठाऊक असते. तरी तो थारच घेतो. वस्तू जवळ असणे आणि वस्तूची गरज असणे, या दोहोंत किती अंतर पडलेले चालते, हा आपल्याकडचा फार जुना धर्मप्रश्न आहे. त्याला शास्त्रात परिग्रहाचा प्रश्न म्हणतात.

जीप जन्मली तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नसता. १९४१पासून विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी अमेरिकी सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्या युद्धाच्या गरजेपोटी. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलीज जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत जोडणी सुरू केली आणि ही गाडी मराठी मुलखात आली ती कामकरी म्हणूनच. खेड्यात जीप आली म्हणजे सरकार आले. तहसीलदार, वनखात्याचे साहेब, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर तिच्यातून उतरत. निवडणूक लागली की तिच्या टपावर कर्णे चढत. पुढे ती वडापला लागली. आत दहा, मागे लटकलेले पाच आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, अशी ती बाजाराच्या दिवशी गावोगाव हिंडली. हौस म्हणून जीप पाळणारे थोडेच होते.

हौसेची बाजारपेठ उघडली ती थारने. पहिली थार २०१०मध्ये आली. २०२०मध्ये ती पार नव्याने घडवली गेली. ही गाडी तयार होते नाशिकला. नव्या थारच्या विक्रीसाठी निवडलेला दिवस होता २ ऑक्टोबर. १९४५ साली कंपनीची स्थापना त्याच तारखेला झालेली, त्यामुळे मुहूर्त साहजिकच होता. पण आश्रमाच्या एकादश व्रतांत अपरिग्रहाला मानाचे पान देणाऱ्या गांधींची जयंतीही तीच! त्या दिवशी देशभरातल्या किती घरांत अपरिग्रहाचे स्मरण झाले असेल कोण जाणे. थारच्या नोंदणीला मात्र झुंबड उडाली होती.

या गाडीची मोहिनी समजून न घेताच तिला नावे ठेवणे सोपे आहे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या थारचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे. ६५० मिलिमीटर पाण्यातून, म्हणजे साधारण मांडीपर्यंतच्या पाण्यातून, ती जाऊ शकते. समोर ४१ अंशांहून अधिक कोनात उभी राहिलेली चढण तिचे नाक न घासता तिला घेता येते. आणि मुख्य गिअरशेजारचा तो दुसरा दांडा! तो ‘लो रेंज’वर ओढला की गाडीचा वेग गोगलगाईचा होतो आणि जोर बैलाचा. पहिल्यांदा हे अनुभवणारा माणूस गप्प होतो. एक चाक हवेत, दुसरे चिखलात, आणि तरी गाडी इंच इंच वर सरकते आहे.

ज्याचे घर कोकणातल्या कच्च्या घाटीच्या टोकाला आहे, त्याला हा चमत्कार वाटत नाही. त्याच्यासाठी ती रात्री-अपरात्री म्हातारीला दवाखान्यात पोचवण्याची सोय असते. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडातून, काळ्या मातीच्या रस्त्याने पावसाळ्यात जाणाऱ्यालाही तिची किंमत कळते. केरळात ऑगस्ट २०१८मध्ये महापूर आला तेव्हा एरवी हौसेने चिखल तुडवणाऱ्या मंडळींच्याच उंच जीपगाड्या मदतीला धावल्या होत्या.

शहरातल्या हौशी मालकाकडे यांतले एकही कारण नसते. त्याच्याकडे असते ती शक्यता. मनात आले तर आपण रस्ता सोडून जाऊ शकतो, एवढी जाणीव त्याला सिग्नलच्या रांगेत उभे असतानाही पुरते. मराठी माणसाला ही भावना परकी नाही. दसऱ्याला गावाची शीव ओलांडायची, सीमोल्लंघन करायचे, हा आपला धर्माचारच आहे. पावसाळा सरला, वाटा मोकळ्या झाल्या, आता उंबऱ्यात अडकून राहू नये, असा त्याचा अर्थ. शीव ओलांडायचे साधन दाराशी उभे असावे, असे वाटण्यात पाप काय?

पाप नसेल, प्रायश्चित्त मात्र भरपूर आहे. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढची खुर्ची वाकवून, अंग चोरून आत शिरावे लागते. नऊवारीतल्या आजीची गोष्टच सोडा, गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या काकांनाही ती चढण अवघड जाते. मागे माणसे बसली की सामानाला जागा उरते ती दोन पिशव्यांची. शिडीसारख्या भक्कम सांगाड्यावर उभी असल्याने ती खड्ड्यांत डगमगत नाही, पण सपाट रस्त्यावर हिंदकळते. इंधन पिते, कापडी टपाची असेल तर महामार्गावर वाऱ्याचा आवाज आत येतो, आणि सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये तिचे रुंद टायर शेजाऱ्याच्या भुवया उंचावतात. पाच दारांची रॉक्स २०२४मध्ये आली आणि यातले पुष्कळ त्रास कमी झाले. तरीही तीन दारांच्या गाडीचा भक्त हटत नाही. उलट, तो हे हाल अभिमानाने सांगतो. उपवासाने डोके दुखले तरी ते मिरवणाऱ्या माणसासारखेच हे. थोडी गैरसोय सोसली की भोगालाही तपाचा रंग चढतो.

२०२३च्या जानेवारीत या कथेला एक मजेदार वळण मिळाले. महिंद्राने फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार बाजारात आणली, ९ लाख ९९ हजारांपासून पुढे. उंची तीच, रुबाब तोच, चेहराही जवळपास तोच. चिखलात रुतल्यावर चारही चाकांनी ओढून बाहेर काढण्याची करामत तेवढी नाही. आणि या गाडीलाही लोकांनी उचलून धरले.

इथे नागसेनाची आठवण होते. यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा तो प्रसिद्ध संवाद. डॉ. आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला याच मिलिंदाचे नाव मिळाले, आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. रथातून आलेल्या राजाला नागसेन विचारतो, की रथ म्हणजे नेमके काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की या साऱ्या भागांच्या आधाराने वापरलेले ते एक नाव आहे.

नागसेनाने आज थारच्या मालकाला विचारले तर? पुढच्या चाकांची ताकद काढून घेतली, तरी ती थारच. अमेरिकेत याच्या उलट घडले. महिंद्राने तिथे रॉक्सर नावाची शेतावरची गाडी काढली, तेव्हा तिचा तोंडवळा आमच्यासारखा आहे म्हणून जीपच्या मालक कंपनीने तक्रार केली. २०२०मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जीपच्या बाजूने निर्णय दिला आणि महिंद्राला गाडीचा चेहरा बदलावा लागला. एकीकडे करामत गेली तरी नाव शाबूत, दुसरीकडे करामत शाबूत असूनही चेहऱ्यावर हक्क नाही. माणसे जे विकत घेतात आणि कंपन्या ज्यासाठी भांडतात ते नाम आणि रूपच, याला याहून चांगला दाखला शोधायची गरज नाही.

नामरूपाचा मोह मालकापुरता राहिला तर त्याची झळ फार तर त्याच्या बँकखात्याला. खरा प्रश्न पुढे येतो तो करामत वापरायची ठरते तेव्हा. डिसेंबर २०२३मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात एकाने थार थेट चंद्रा नदीच्या पात्रातून चालवली. चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी ३,५०० रुपयांचा दंड ठोठावला. नदी त्याच्या वाटेत आलेली नव्हती. ती त्याने हौसेने वाटेत घेतली होती.

या भेदाला जैन आचारशास्त्रात नेमका शब्द आहे : अनर्थदंड. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या व्रतांत दिग्व्रत येते. आपण कोणत्या दिशेला किती लांबवर जाणार, याची मर्यादा माणसाने स्वतःच आखून घ्यायची. एक परंपरा शीव ओलांडायला सांगते, दुसरी शीव आखायला. त्यापाठोपाठ अनर्थदंडव्रत येते, म्हणजे ज्यातून काही साधत नाही अशी हिंसा टाळायची. आचार्य समंतभद्रांच्या नावावरच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात अशा बेफिकीर वागण्याची जी यादी आहे, तिच्यात माती उगाच उकरणे, पाणी उगाच ढवळणे, झाडेझुडपे विनाकारण तोडणे हे आहेच. शिवाय निष्कारण भटकणे आणि दुसऱ्याला भटकवणे हेही आहे. इतक्या शतकांपूर्वी ऑफरोडिंगचे एवढे नेमके वर्णन क्वचितच कोणी केले असेल!

मात्र हेच शास्त्र शेतकऱ्याला अडवत नाही. दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन कुटुंबे आहेत. त्यांच्या जीपची चाकेही माती उकरतात, त्या मातीतले जीवही मरतात. पण तिथे अर्थ आहे, प्रयोजन आहे. दोष गाडीच्या ताकदीत धरलेला नाही. तो त्या ‘उगाच’मध्ये धरला आहे.

कोकणातल्या सड्यावर गेले की हा ‘उगाच’ किती महाग पडतो ते दिसते. मे महिन्यात सडा म्हणजे तापलेला, ओसाड, काळपट जांभा दगड. गाडी घालायला मोकळे मैदानच. पण त्या दगडाच्या खळग्यांत बोटभर माती साचलेली असते आणि पहिल्या पावसानंतर तिच्यातून काही आठवड्यांपुरती फुले येतात. बियाणे उन्हाळाभर तिथेच निजलेले असते. रत्नागिरीच्या सड्यांवर तर माणसाने हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे आहेत, २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत असलेली. त्यांतली कित्येक उभ्याने पाहिली तर कळतही नाहीत. तिरप्या उन्हात वाकून पाहावी लागतात. उंच गाडीच्या काचेतून तर नाहीच.

यावर ऑफरोडिंगचा दर्दी हरकत घेईल, आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. तो म्हणेल, सगळेच जगणे प्रयोजनावर तोलायचे तर क्रीडा कुठे जायची? ज्या कृष्णाला ती थार वाहिली त्याच्या तर अवघ्या चरित्रालाच लोक लीला म्हणतात. शिवाय हा खेळ बाहेरून दिसतो तसा धुडगूस नसतो. गोव्यात भरपावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत आखून दिलेल्या वाटेवरच कस लागतो. जाणता चालक अवघड जागा आली की आधी गाडीतून उतरतो, पायी वाट पाहून येतो, काठीने पाण्याची खोली जोखतो, टायरमधली हवा कमी करतो आणि मग पाऊल टाकावे तशी गाडी टाकतो. रुतली तर दुसऱ्याच्या दोरखंडाची वाट पाहतो. जोराने ॲक्सिलरेटर दाबणारा या जमातीत नवखा समजला जातो. म्हणजे त्या खेळालाही यमनियम आहेत. नदीत गाडी घालून चित्रफीत काढणाऱ्याला हे दर्दीही आपला मानत नाहीत.

प्रयोजन संपले की वाहन सोडता यावे, याची आठवण देणारी एका असामान्य वाहनाची गोष्ट महाभारतात आहे. अग्नीला खांडववन जाळायचे होते, म्हणून त्याने वरुणाकडून अर्जुनाला गांडीव, न संपणारे भाते आणि कपिध्वज असलेला दिव्य रथ मिळवून दिला. पुढे त्या रथाने कुरुक्षेत्र गाजवले हे सर्वांना ठाऊक असते. तो पहिल्यांदा दौडला तो जळत्या रानाभोवती, हे सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, गांडीव आणि भाते घे आणि आधी तू उतर. एरवी सारथी आधी उतरायचा. अर्जुन उतरतो, मग कृष्ण उतरतो, ध्वजावरचा कपी नाहीसा होतो आणि रथ घोड्यांसकट, जू-लगामांसकट भस्म होतो. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो कधीच जळाला होता, मी बसलो होतो म्हणून टिकला, असे कृष्ण सांगतो. दिव्य रथाची एवढी हानी झाली, पण अर्जुन दुसरा मागत नाही.

खंडेनवमीला महाराष्ट्रात हत्यारांबरोबर वाहनेही पुजली जातात. नाशिकच्या कारखान्यातून निघालेली एखादी थार त्या सकाळी पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धुऊन-पुसून उभी असते. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, आणि टायरपुढे ठेवलेला लिंबू. मालक चावी फिरवतो, दुसऱ्या दांड्याकडे हात जातो, मग तो हसून हात मागे घेतो. गाडी पुढे सरकते, लिंबू फुटतो. गेल्या दसऱ्यापासून त्या चाकांखाली आलेला सर्वांत अवघड अडथळा बहुधा तोच असतो.