काउंटरपलीकडचा काझी

आमच्या नात्यातल्या एका सुनेची ही गोष्ट. नवरा कुवेतला, आठ दिवसांत दोन महिन्यांच्या रजेवर यायचा होता. पदरी दोन मुले, धाकटे दीड वर्षाचे. तिला गर्भनिरोधक गोळ्या हव्या होत्या. रत्नागिरीत मोहल्ल्याजवळच्या औषधाच्या दुकानात आपल्यातलाच माणूस बसलेला. त्याने गोळ्यांचे नाव ऐकले आणि विचारले, "भाभी, भाई तर बाहेर आहेत ना?" ती डोकेदुखीची गोळी घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी ती बाजारातल्या दुकानात गेली. तिथला माणूस अनोळखी, म्हणून थोडा धीर आलेला. त्याने तिच्या बुरख्याकडे पाहिले आणि हसत म्हणाला, "तुमच्यात हे चालतं का?" तिच्याआधीच्या बाईने तेच पाकीट मागितले, तेव्हा त्याने काही विचारले नव्हते.

एका दुकानात ती फार ओळखीची ठरली, दुसऱ्यात फार परकी. बुरख्याने चेहरा झाकला, पण जमात उघडी पडली. आणि जो एक प्रश्न विचारायला हवा होता, तो दोघांनीही विचारला नाही. रक्तदाबाचा त्रास आहे का? मूल अजून अंगावर पिते का? हा प्रश्न तिच्या प्रकृतीसाठी असतो. बाकीचे दोन्ही प्रश्न तिचा हिशेब मागणारे होते.

दुकानदार म्हणेल, मलाही सदसद्विवेक आहे. मान्य. पण विवेकाची एक साधी कसोटी असते: तो सर्वांना सारखा लागू होतो. जे एका बाईला न बोलता विकले, ते दुसरीला नाव आणि पेहराव पाहून प्रश्न विचारून विकणे याला पूर्वग्रह म्हणतात. तरुण मुलगा निरोध मागतो तेव्हा हा विवेक कुठे जातो? आणि प्रश्न सर्वांना सारखाच विचारला, तरी त्याचा भार सारखा पडत नाही. जिला पुण्या-मुंबईला जाता येते, तिला तिथे कोणी ओळखत नाही. जिचे जग राजिवड्यापासून मारुती मंदिरापर्यंतच आहे, तिच्यासाठी एक प्रश्न म्हणजे बंद दार. त्यातही काही गोळ्यांना वेळेचे बंधन असते. आणीबाणीच्या वेळी घ्यायची गोळी 72 तासांच्या आत, तीही जितकी लवकर तितकी बरी. डॉक्टरच्या चिठ्ठीविना ती विकण्यास 2005 साली परवानगी मिळाली, ती हा वेळ वाया जाऊ नये म्हणूनच. पण चिठ्ठीची अट गेली आणि तिची जागा दुकानदाराच्या नजरेने घेतली.

"तुमच्यात चालतं का?" या प्रश्नाचे उत्तरही देऊन टाकू. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मताचे. त्याच मताचे थोर विद्वान इमाम गझाली 1111 साली वारले. त्यांनी 'इह्या'मध्ये अज्ल, म्हणजे त्या काळचे संततिनियमन, वैध मानले आहे. बाळंतपणाच्या धोक्यापासून स्त्रीचा जीव वाचावा, कुटुंबाची ओढाताण होऊ नये, ही कारणे त्यांना मान्य होती. मुलगी होईल या भीतीने ते करणे मात्र त्यांनी नापसंत केले. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही चर्चा हेतूची होती. आकडेही पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 मध्ये देशातल्या मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुले होती, 2019-21 मध्ये 2.4. हा निर्णय आमच्या बायकांनी केव्हाच घेतला आहे. तो अमलात आणताना त्यांना मान खाली घालावी लागते, एवढेच.

आता आपल्यातल्या माणसाकडे वळतो, कारण त्याचे उत्तर अधिक अवघड आहे. तो म्हणेल, मी परका नाही, मोहल्ल्याच्या इज्जतीची काळजी मला आहे. उद्या एखादी बिनलग्नाची मुलगी आली तर गप्प राहून गुनाहात भागीदार होऊ का? प्रश्न प्रामाणिक आहे. पण ती मुलगी दुकानात येते तेव्हा जे घडायचे ते बहुधा घडून गेलेले असते. तिला परत पाठवून गुनाह टळत नाही, फक्त संकट वाढते, आणि तेही तिचे एकटीचे. शिवाय आपल्या कुरआनने तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींचा माग काढणे, स्पष्टपणे मना केले आहे. गिऱ्हाइकाचे गुपित ही अमानत आहे. हिशेब घेणारा वर बसला आहे. काउंटरपलीकडे काझीची खुर्ची कोणी मांडली?

हा जिल्हा रघुनाथ धोंडो कर्व्यांचा. दापोलीजवळच्या मुरुडचे हे कर्वे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यापायी प्राध्यापकी गमावली. 'समाजस्वास्थ्य'वर 1934 साली खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे तो खटला हरले. आज गोळी कायद्याने मिळते, दुकानात असते, परवडतेही. तिच्यासाठी आता कोर्टात जावे लागत नाही. लागतो तो दुकानदाराचा थोडा अदब.

आमच्या त्या सुनेने शेवटी गोळ्या मागवल्या त्या मुंबईच्या बहिणीकडून, शेवयांच्या डब्यात घालून. नवरा आला, रजा संपवून गेला. सगळे सुखरूप पार पडले. पण जिला मुंबईत बहीण नाही, तिचे काय, हा प्रश्न मी त्या दोन्ही दुकानांपाशी ठेवतो. दोघांनाही तो सारखाच लागू आहे.