पाहुण्याचा धर्म

शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि मे महिन्याचे ऊन तापू लागले की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत लहानशा सहलीचे बेत शिजू लागतात. पूर्वी सुट्टी म्हणजे आजोळ असे समीकरण होते. आता दोन-तीन दिवसांची रजा जुळवून, आजी-आजोबांना आणि मुलांना बरोबर घेऊन, एखादे शहर आणि त्याच्या आसपासचा मुलूख पाहून येण्याची प्रथा पडली आहे. ती आम्हांला स्वागतार्ह वाटते. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघावे आणि सकाळी कोल्हापुरात उतरावे, एक दिवस शहरासाठी, एक पन्हाळ्यासाठी आणि एक नृसिंहवाडी व खिद्रापूरसाठी ठेवावा, असा बेत अनेक कुटुंबे आखतात. आणि मग निघण्यापूर्वी कोणी ना कोणी हलक्या आवाजात विचारतेच, ‘फादर, वाडीला गेलो तर देवळात जावे का? प्रसाद हातावर ठेवला तर काय करावे?’

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. एक म्हणते, ‘काय बिघडते? सगळे देव सारखेच.’ दुसरे म्हणते, ‘आपण गाडीतच बसावे, बाकीच्यांनी पाहून यावे.’ दोन्ही उत्तरांनी प्रश्न चटकन मिटतो, परंतु दोन्हींत विचाराचा आळस आहे. पहिल्यात स्वतःच्या श्रद्धेविषयी बेफिकिरी आहे, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी. पवित्र मानलेल्या परक्या जागी आपण नेमके कोण म्हणून उभे राहतो, हा खरा प्रश्न आहे. तो सहलीपुरता नाही. या देशात अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपल्या समाजाला तो रोजच सोडवावा लागतो.

प्रथम ती जागा समजून घेऊ. नृसिंहवाडी, लोकांच्या तोंडी नरसोबाची वाडी, हे शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले गाव. कोल्हापूरपासून सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि जवळचे रेल्वेस्थानक जयसिंगपूर. दत्तसंप्रदायात ज्यांना दत्तावतार मानतात त्या नृसिंह सरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि पुढे ते गाणगापूरला गेले, अशी परंपरा आहे. येथे पूजा होते ती त्यांच्या पादुकांची. औदुंबराच्या छायेत, नदीच्या घाटावर, एका निघून गेलेल्या संन्याशाच्या पावलांपुढे माणसे शतकानुशतके मस्तक टेकवीत आली आहेत. या देवळाला नेहमीसारखे शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधविले, अशी आख्यायिका गावात सांगतात. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरेल ते अभ्यासकांनी पाहावे. एका हिंदू देवस्थानाचे भाविक आपल्या वास्तूचे श्रेय एका मुसलमान राजाला आवडीने देतात, हीच गोष्ट आम्हांला मोलाची वाटते.

अशा ठिकाणी येणाऱ्या माणसाची तीन नाती संभवतात. तो प्रेक्षक असू शकतो, यात्रेकरू असू शकतो किंवा पाहुणा असू शकतो.

प्रेक्षकाचे नाते डोळ्यांपुरते असते. त्याला दृश्य हवे असते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढते, देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक दुरून येतात, आणि हल्ली कॅमेरे घेतलेले प्रेक्षकही येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी हलवितात. परंतु हेच पाणी तेथे थांबत नाही. २००५ मध्ये, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोळ तालुक्यातील गावे पुराने वेढली गेली. माणसे नावांतून बाहेर काढावी लागली, ऊस कुजला, गोठे रिते झाले. एकच नदी भाविकाला कृपा वाटते, शेतकऱ्याला संकट वाटते, आणि पुष्कळदा हा भाविक व हा शेतकरी एकच माणूस असतो. जो केवळ दृश्य टिपून निघून जातो, त्याला यांपैकी काहीच दिसत नाही. त्याने वाडी पाहिली, असे म्हणणे कठीण आहे.

यात्रेकरूचे नाते याच्या उलट टोकाचे. तो श्रद्धेने येतो, नवस फेडतो, त्या पावलांपुढे आपले जीवन ठेवतो. हे नाते आदरणीय आहे, परंतु ते आपले नाही. जी श्रद्धा आपल्या अंतःकरणात नाही तिचे हावभाव बाहेरून करणे, गर्दीत वेगळे दिसू नये म्हणून किंवा बरोबरच्या मित्रांना बरे वाटावे म्हणून उपासनेचा आव आणणे, याने आपल्या प्रभूशी तर प्रतारणा होतेच, परंतु त्या भाविकांचाही अपमान होतो. त्यांच्या जीवनमरणाच्या गोष्टीला आपण शिष्टाचाराचा भाग समजलो, असा त्याचा अर्थ होतो.

मग उरतो पाहुणा. आपल्या मराठी घरांत पाहुण्याचे कर्तव्य काय ते कोणाला शिकवावे लागत नाही. पाहुणा उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढतो, घराची रीत पाळतो, यजमानाच्या वडिलांच्या तसबिरीपुढे मोठ्याने हसत नाही. पण तो स्वतःला त्या घरातला म्हणवीतही नाही. घराच्या वाटणीत हिस्सा मागत नाही आणि आपल्या घराचा पत्ताही विसरत नाही. ज्याला स्वतःचे घर आहे तोच खरा पाहुणा होऊ शकतो. ज्याला नाही तो फक्त भटकत असतो. म्हणून ‘पाहुणा व्हा’ असे सांगण्यात आपल्या श्रद्धेला सैल करण्याचा हेतू मुळीच नाही. उलट, तिच्यात पक्के रुजलेल्या माणसालाच हे नाते पेलते.

संत पौल अथेन्सला गेले तेव्हाचा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत आहे. नगरभर मूर्ती पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले, हे तेथे लपविलेले नाही. तरीही ते नगरात हिंडले, त्या लोकांच्या पूजास्थानांकडे त्यांनी बारकाईने पाहिले, आणि अज्ञात देवाला वाहिलेली वेदी त्यांच्या नजरेस पडली. जे बोलले ते पाहिल्यानंतर बोलले. अस्वस्थता आणि आदर एकाच मनात नांदू शकतात, हा त्यातला धडा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा झिडकारीत नाही, अशी भूमिका त्यात आहे. आणि त्याच वेळी ख्रिस्ताची घोषणा करण्याचे कर्तव्यही तेथे सोडून दिलेले नाही. पुढे २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी दमास्कसच्या मशिदीत पाऊल ठेवले. मशिदीत जाणारे ते पहिले पोप. ते तेथे गेले म्हणून कोणी त्यांना मुसलमान समजले नाही.

आता प्रसादाचा प्रश्न. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलांनी मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा विचार पुष्कळ विस्ताराने केला आहे. मूर्तीने अन्न बाटत नाही. यजमानाने प्रेमाने वाढलेले चौकशी न करता खावे. परंतु आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या बंधूला ठेच लागणार असेल तर खाऊ नये. आणि दुसऱ्या वेदीच्या उपासनेत मात्र सहभागी होऊ नये. हा विवेक आजही उपयोगी आहे. वाडीच्या बाजारातला पेढा, बासुंदी किंवा कवठाची बर्फी ही मिठाई आहे, ती विकत घ्यावी आणि मुलांना खुशाल द्यावी. देवळात कोणी प्रेमाने हातावर काही ठेवले, तर ज्याचे मन स्वच्छ आहे त्याने ते आतिथ्य म्हणून घ्यावे. ज्याच्या मनाला ते पटत नाही त्याने हात जोडून नम्रपणे नको म्हणावे. भाविक माणसाला नम्र नकार कळतो. हातात घेऊन पाठ फिरताच ते कोपऱ्यात टाकणे मात्र दोन्ही बाजूंनी अशोभनीय होय. त्यात विवेकही नाही आणि प्रेमही नाही.

वाडीहून पुढे खिद्रापूरला कोपेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातील हे काम. पुढे यादवांच्या काळातला शिलालेखही तेथे आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोल उघडे ठेवलेले आहे. खांबांच्या वर्तुळात उभे राहून वर पाहिले की आकाशाचा तेवढाच तुकडा दिसतो आणि मन आपोआप गप्प होते. परंतु बाहेर, भिंतींवर आणि गजपीठावर, अनेक शिल्पे भग्न आहेत. तेथे हमखास एखादे मूल विचारते, ‘ही कोणी फोडली?’ आणि वडीलधारे अर्ध्या माहितीवर उत्तर देऊन मोकळे होतात: ‘त्यांनी.’

या ‘त्यांनी’पाशी ख्रिस्ती कुटुंबाने थांबावे. १५६७ मध्ये गोव्याच्या साष्टी प्रांतातील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली, ती ख्रिस्ताच्या नावाने. त्याच साष्टीत पुढे फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय आला, त्याने या मातीची भाषा आत्मसात केली आणि तिच्याच ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. एकाच धर्माचे, एकाच शतकात आलेले हे दोन पाहुणे. एकाने यजमानाचे घर मोडले, दुसऱ्याने यजमानाच्या घरची बोली शिकून घेतली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अशा अपराधांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. म्हणून मुलाला सांगावे की सत्ता हातात आली की कोणत्याही धर्माच्या माणसाच्या हातून असे घडू शकते, आपल्याही माणसांच्या हातून घडले आहे. बारा वर्षांच्या मुलाला हे समजते. त्याच वयाचा येशू आईवडिलांबरोबर सणाच्या यात्रेला गेला होता, मागे राहिला, आणि तीन दिवसांनी सापडला तेव्हा मंदिरात शिक्षकांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. सहलीला गेलेल्या मुलाकडून आपण आणखी काय मागावे?

याच परिसरातील कुरुंदवाड हे गाव मुलांना आवर्जून दाखवावे. तेथे काही मशिदींत गणपती बसविण्याची रीत आहे आणि मोहरमही हिंदू-मुसलमान मिळून पाळतात. आपल्या धर्मशास्त्राच्या चौकटीत ही रीत बसेल की नाही, हा वेगळा विचार. परंतु ज्या गावात एकाच्या प्रार्थनाघरात दुसऱ्याचा देव पाहुणा म्हणून राहतो, तेथील माणसे एकमेकांची दारे ठोठावताना बिचकत नसावीत.

पाहुण्याचा धर्म केवळ देवळापुरता नाही, शहरातही तो पाळावा लागतो. कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा आणि रंकाळ्याची संध्याकाळ, एवढेच नव्हे. राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, ते हे शहर. तेथे चपला विकत घेताना कारागिराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची आणि रात्री हॉटेलात त्याच्या दसपट उधळायचे, यात कसली हुशारी? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचे नावही न घेता झळकल्या, तेव्हा आपल्याला राग आला. तो योग्यच होता. पण ज्याच्या हाताने चप्पल शिवली त्याचे नाव न विचारता ती पायात घालणारे आपणही त्या व्यवहारापासून फार दूर नाही.

शेवटी एक साधी कसोटी सांगावीशी वाटते. सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला किंवा वेलंकनीला असंख्य हिंदू, पारशी, मुसलमान येतात. त्यांनी आपल्या वेदीपुढे कसे वागावे असे आपल्याला वाटते? त्यांनी ख्रिस्ती असल्याचा बहाणा करावा, अशी आपली अपेक्षा नसते. त्यांनी शांत राहावे, आमच्या आईविषयी वावगे बोलू नये, समजले नाही ते विचारावे, एवढेच आपण इच्छितो. नेमके तेच ऋण आपण वाडीला देणे लागतो.

तेव्हा ज्यांनी विचारले त्यांना आमचे उत्तर असे. जरूर जा. उंबऱ्याशी पादत्राणे काढा, पुरुषांनी आणि मुलांनी आवाज खाली ठेवा, फोटो काढण्यापूर्वी विचारा, नदीत काही टाकू नका. घाटावर एखाद्या वृद्ध भाविकाला त्याच्या श्रद्धेविषयी विचारा आणि त्याचे बोलणे पुरते होईपर्यंत मध्ये बोलू नका. पुराची खूण कोठवर आली होती, ते एखाद्या दुकानदाराला दाखवायला सांगा. सहलीत रविवार आला तर कोल्हापुरात मिस्साबलिदानाची वेळ आधी विचारून ठेवा, म्हणजे मुलांना कळेल की आपण पाहुणे आहोत आणि आपले घर कोठे आहे. आणि परतीच्या गाडीत, झोपण्यापूर्वी, रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्या संगमाकाठच्या माणसांसाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ अवश्य म्हणा. पावसाळा तोंडावर असतो, आणि त्यांना त्याची गरज असते.